घरात मारहाण होतेय? मदत कुठे मिळते आणि खर्च किती येतो

मुंबईत राहत असाल तर आधी महापालिकेचं रुग्णालय गाठा. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. आता ते पालिकेच्या इतरही रुग्णालयांत आहे. समुपदेशन, उपचार, कायद्याचा सल्ला, सगळं एकाच आवारात मिळतं आणि समुपदेशनाची फी नाही. शिवाय ‘दवाखान्यात जाऊन येते’ असं सांगून घरातून निघता येतं, आणि अनेकींना तेवढीच वाट मोकळी असते. रात्री घरी परतणं धोक्याचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. वॉर्डात ठेवून घेण्याची सोय होऊ शकते.

डॉक्टरांना ‘पडले’ म्हणू नका. कुणी मारलं, कशानं, केव्हा, हे सांगा आणि केसपेपरवर तसं लिहिलंय का ते वाचून बघा. पोलिसांत जायचं की नाही हे तुम्ही नंतर ठरवू शकता, पण वळ चार दिवसांत जातात आणि मग पुरावा म्हणून हा कागदच उरतो.

मुंबईबाहेर असाल तर पोलिसांच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष शोधा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे काम आता राज्यभर चालतं. तिथे तुमचं ऐकून घेतात त्या प्रशिक्षित समाजसेविका. राहण्याची अडचण असेल तर ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येतं. मुलं सोबत असतील तर त्यांची वयं आधीच सांगा.

मदत मागायला कागद लागत नाहीत, दावा करायला लागतात. आधार, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांची बिलं, नवऱ्याची पगारपावती, जे हाताशी असेल ते. झेरॉक्स काढून एक संच माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. फक्त फोनवर विसंबू नका, फोन हिसकावला जातो.

आता पैशांचं. एफआयआरची प्रत मोफत. संरक्षण अधिकाऱ्याची मदत मोफत. पोटगी आणि हिंसाचाराच्या दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क नाही, ते साध्या कागदावर चालतं. तरी कोर्टाबाहेर कुणी स्टॅम्प पेपर गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, तुम्ही नोकरी करत असलात तरी. नेमून दिलेल्या वकिलानं ‘वरखर्च’ मागितला तर प्राधिकरणाकडेच तक्रार करा. खरा खर्च होतो तो रिक्षा-बसभाडं, झेरॉक्स आणि बुडालेल्या रोजाचा. तो धरून चाला.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज माहेरच्या गावीही करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी, निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिने जातात. म्हणून पहिल्याच अर्जात अंतरिम आदेश मागा: खर्चाला पैसे, घरातून न काढण्याचा हुकूम. आदेशाची प्रत मोफत मिळते.

‘दोन सह्यांत मोकळं करतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. स्टॅम्प पेपरवरचा घटस्फोट सहसा टिकत नाही. पैसे जातात आणि पोटगीचा, स्त्रीधनाचा हक्क सोडल्याची सही मात्र तुमच्या नावावर राहते.

जिवाला धोका असेल तर ११२. सल्ल्यासाठी १८१. मुलांना मारहाण होत असेल तर १०९८. ‘दिलासा’त जायचं तर ओपीडीच्या वेळेत जा, रात्री थेट कॅज्युअल्टीत जा.