दात भरण्याचे सिमेंट आणि जिवंत ऊतके

दात वरून दगडासारखा कठीण दिसतो. त्यामुळे त्यात पडलेला खड्डा बुजविणे म्हणजे भिंतीतील भोक लिंपण्यासारखेच काम असावे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. दाताचे बाहेरील चकचकीत कवच, म्हणजे एनॅमल, निर्जीव असले तरी त्याखालील दंतिनाचा थर आणि दाताच्या पोटातील मऊ गर यांचा परस्परांशी जिवंत संबंध असतो. गरात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. दंतिनात गरापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असून गरालगत एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या सुमारे ४५ हजार भरते. कीड खरवडून काढल्यानंतर दंतवैद्य जे सिमेंट भरतो ते या उघड्या तोंडांवर बसते, आणि त्यातून जे पाझरेल ते गरापर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच सिमेंट किती टणक आहे व किती वर्षे टिकते, एवढे पाहून भागत नाही. जिवंत ऊतक त्याला कसा प्रतिसाद देते हेही तपासावे लागते. ही तपासणी कशी करावी हे उमगण्यात दंतवैद्यकाची कित्येक दशके गेली, आणि मधल्या काळात एका सिमेंटवर बराचसा खोटा आळही आला.

आम्लावर आलेला आळ

दंतवैद्यकातील बहुतेक सिमेंटे भुकटी आणि द्रव यांच्या मिश्रणातून तयार होतात. द्रव बहुधा आम्लधर्मी असतो. भुकटी ते आम्ल शमविते आणि या क्रियेतून घट्ट पदार्थ बनतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात असलेल्या झिंक फॉस्फेट सिमेंटमध्ये फॉस्फरिक आम्ल असते. विसाव्या शतकात समोरच्या दातांसाठी दीर्घकाळ वापरले गेलेले सिलिकेट सिमेंटही याच आम्लाने घट्ट होई. दाताच्या रंगाशी मिळतेजुळते असल्याने ते लोकप्रिय झाले. पण ते भरलेल्या दातातील गर पुष्कळदा सुजे आणि कधी कधी मरूनही जाई. ताज्या मिश्रणाची आम्लता तीव्र असते हे ठाऊक होतेच. तेव्हा आम्लानेच गर मारला, हा निष्कर्ष सर्वांना पटला व पाठ्यपुस्तकांतून स्थिरावला.

या निष्कर्षाला मोठा धक्का ज्या प्रयोगाने बसला त्यात सिमेंट नव्हतेच. अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून गर उघडा केला व तसाच ठेवला. काही उंदीर नेहमीच्या परिस्थितीत वाढलेले होते, तर काही पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढविलेले होते. अन्नाचे कण दोन्हीकडे उघड्या गरात शिरले. नेहमीच्या उंदरांत गर मेला व पू झाला. जंतुविरहित उंदरांत मात्र गर जिवंत राहिला. इतकेच नव्हे, तर जखमेवर नव्या दंतिनाचा पूल बांधला गेला. हा प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. जखम तीच, आत गेलेली घाणही तीच. फरक होता तो केवळ जंतूंचा.

पुढे १९७१ मध्ये स्वीडनमधील ब्रॅनस्ट्रॉम व न्यूबोर्ग यांनी सिलिकेट सिमेंट भरलेल्या दातांतील पोकळ्या तपासल्या, तेव्हा भरणाखाली जंतू आढळले. सिमेंट दाताच्या भिंतीला पूर्णपणे चिकटून राहिले नाही, तर केसाहून बारीक फट राहते आणि तीतून लाळेबरोबर जंतू आत जातात. मग १९८७ मध्ये अमेरिकेतील कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या दातांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत सिलिकेट व झिंक फॉस्फेट ही सिमेंटे थेट उघड्या गरावर ठेवली होती. ज्या दातांत भरणाचे तोंड वरून दुसऱ्या सिमेंटने पक्के बंद केले होते, तेथे गर बरा होऊ शकला. आम्ल निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे; खड्डा खोल असेल व दंतिनाचा थर पातळ उरला असेल तर ते त्रास देतेच. परंतु मुख्य अपराधी दुसराच होता. जुन्या चाचण्यांत गर सुजला की नाही एवढेच पाहिले जाई. तेथे जंतू पोहोचले होते काय, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नसे. आता अशा चाचणीत दाताचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना जंतूंसाठी वेगळी रंगप्रक्रिया करतात.

लवंगेच्या तेलाचे कोडे

दाढ दुखू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. त्या तेलातील मुख्य द्रव्य म्हणजे युजेनॉल. ते झिंक ऑक्साइडच्या भुकटीत कालवले की जे सिमेंट होते, ते दुखऱ्या दाताला शांत करणारे म्हणून दंतवैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. प्रयोगशाळेतील चाचणीत मात्र हेच सिमेंट नापास होते.

ही चाचणी समजून घेण्यासारखी आहे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत पोषकद्रव्यात पेशी वाढवितात. एल-९२९ या नावाच्या, उंदराच्या संयोजी ऊतकापासून १९४० च्या दशकात वेगळ्या केलेल्या पेशी त्यासाठी पुष्कळ वापरल्या जातात. सिमेंटची चकती बहुधा ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवात २४ तास ठेवून तो अर्क पेशींवर घालतात आणि किती पेशी जिवंत राहिल्या ते रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेशींची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून अधिक घटली, तर पदार्थ पेशींना विषारी समजला जातो. युजेनॉलयुक्त सिमेंटच्या अर्काने पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात.

मग दंतवैद्यांचा अनुभव खोटा काय? तसे नाही. बशीत पेशी उघड्या असतात. दातात सिमेंट व गर यांच्यामध्ये दंतिन असते. त्या नलिकांतून युजेनॉल इतके हळू व इतके थोडे झिरपते की गराची वेदना कमी होते, पण पेशी मरण्याइतकी मात्रा तेथे पोहोचत नाही. हेच सिमेंट उघड्या गरावर ठेवले तर मात्र तेथे दीर्घकाळ दाह राहतो. बशीतील चाचणी चुकलेली नव्हती. ती दातातील परिस्थितीसंबंधी काही सांगतच नव्हती. यावर तोडगा म्हणून सिमेंट आणि पेशी यांच्यामध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा दंतिनाचा काप ठेवून चाचणी करण्याची पद्धत विकसित झाली. दंतवैद्यकीय साहित्याच्या जैविक तपासणीसाठी असलेल्या आयएसओ ७४०५ या मानकात तिचा अंतर्भाव आहे. प्रथम पेशींवर, नंतर कातडीखाली किंवा हाडात, आणि अखेर प्रत्यक्ष दातात, अशा पायऱ्या त्यात आहेत. पहिल्या पायरीवरच नको ते पदार्थ गळून पडावेत व प्राण्यांचा वापर शक्य तितका कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू.

तेच सिमेंट, निराळी जागा

लंडनमधील गव्हर्नमेंट केमिस्टच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी १९६९ च्या सुमारास ग्लास आयोनोमर सिमेंट तयार केले. यातील आम्लाचे रेणू मोठे असल्याने ते नलिकांत खोलवर जात नाहीत, सिमेंट दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि त्यातून फ्लोराइड हळूहळू बाहेर पडते. गराची तक्रार फारशी नसलेले हे सिमेंट हाडांसाठीही उपयोगी पडेल, या अपेक्षेने पुढे ते कानाच्या व कवटीच्या शस्त्रक्रियांत वापरले गेले. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधील डॉक्टरांनी त्याचे भीषण परिणाम नोंदविले. घट्ट होणाऱ्या सिमेंटमधून सुटलेले ॲल्युमिनियम मेंदूभोवतीच्या द्रवात मिसळून रुग्णांना मेंदूचा विकार जडला व मृत्यू ओढवले. दातात हेच ॲल्युमिनियम अल्प प्रमाणात सुटते आणि लाळेबरोबर निघून जाते. अमुक सिमेंट सुरक्षित आहे, या वाक्याला कोठे व कशासाठी हे जोडल्याशिवाय अर्थ राहत नाही, हे या घटनेने फार मोठ्या किमतीला शिकविले.

ग्लास आयोनोमरचा संबंध शाळांशी व ग्रामीण आरोग्य शिबिरांशीही येतो. विजेवर चालणारे यंत्र न वापरता केवळ हाताच्या हत्यारांनी कीड काढून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. लोक ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतात त्या मिश्रणात पारा असतो. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली असून त्यात हा वापर उतरता ठेवण्याची तरतूद आहे. साहजिकच सिमेंटवरील भर वाढणार आहे.

अशा शिबिरांसाठी साहित्य घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रयोगशाळेत उत्तीर्ण होते ते उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कालवलेले सिमेंट. भुकटी वाचविण्यासाठी मिश्रण पातळ केले, तर न शमलेले आम्ल जास्त उरते, घट्टपणा कमी होतो आणि चाचणीचा निकाल त्या मिश्रणाला लागू पडत नाही. झाकण नीट न लावलेल्या बाटलीतील, दमट हवा लागलेल्या भुकटीचीही तीच गत. गरापर्यंत पोहोचलेली कीड तर या पद्धतीने भरावयाचीच नसते. तेथे रुग्णाला पुढील उपचारांसाठी पाठवावे लागते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार वेष्टनावर परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक व वापराची मुदत छापलेली असावी लागते. खरेदीच्या वेळी किमतीआधी या तीन नोंदी वाचाव्यात, आणि बाटलीबरोबर मापाचा चमचा आला आहे की नाही तेही पाहावे.