पंख्याचा वेग आणि विजेची बचत

पंखा खोलीतील हवा थंड करीत नाही. तो ती केवळ हलवितो. त्या वाऱ्याने अंगावरील घाम लवकर सुकतो व माणसास गारवा वाटतो. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याची सर्वच वीज म्हणूनच वाया जाते. स्वयंचलित वेगनियंत्रणाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

वेग उतरला की खर्च उतरतो काय?

हवेला गती देण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाल्यास ती एक-अष्टमांश होते. प्रत्यक्षात विजेचा खर्च मात्र एवढा घटत नाही. जुन्या, खोक्यासारख्या रेग्युलेटरमध्ये तारेची वेटोळी असतात. पंख्याला न मिळालेला विद्युतदाब या वेटोळ्यांत खर्ची पडून त्याची उष्णता होते. रेग्युलेटर हाताला गरम लागतो तो यामुळेच. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधील ट्रायॅक प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध-आवर्तनाचा काही भागच पंख्याकडे जाऊ देतो. त्यात उष्णता फारच थोडी निर्माण होते. तथापि, कमी वेगात साध्या मोटरीची कार्यक्षमता घटते, ही उणीव राहतेच.

स्वयंचलित नियंत्रण

या यंत्रणेत थर्मिस्टर हा घटक तापमान मोजतो. हवा तापली की त्याचा विद्युतरोध घटतो आणि त्यानुसार पंख्याचा वेग वाढविला जातो. मध्यरात्रीनंतर हवा गार होते, परंतु झोपलेला मनुष्य उठून पंखा मंद करीत नाही. तेथे या यंत्रणेचा खरा उपयोग होतो. मे महिन्याच्या दुपारी मात्र पंखा पूर्ण वेगातच फिरणार. तेव्हा तिच्यापासून बचत होत नाही. शिवाय केवळ तापमान मोजणे पुरेसे नाही. कोकणातील दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून कोरड्या हवेच्या मानाने तेथे त्याच तापमानाला अधिक वारा लागतो. खोलीत माणूस आहे की नाही, हेही थर्मिस्टरला कळत नाही. त्यासाठी हालचाल टिपणारा निराळा संवेदक बसवावा लागतो, किंवा बाहेर पडताना बटण बंद करण्याची सवय लावावी लागते.

मोटरीचे महत्त्व

छताचा साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरीचा पंखा सुमारे ३० वॉट. एखाद्या ग्रामपंचायत कार्यालयात ४ पंखे रोज ८ तास, महिन्यातून २५ दिवस चालतात असे समजू. साध्या पंख्यांना ६० युनिटे लागतील, तर बीएलडीसी पंख्यांना २४. महिन्याला ३६ युनिटे वाचतील. ही मोटर कमी वेगातही कार्यक्षम राहते. तिचे नियंत्रक मंडल पंख्यातच असते. त्यामुळे अशा पंख्यास जुना रेग्युलेटर जोडू नये.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. शाळा व पंचायतींनी नवे पंखे घेताना ती अवश्य पाहावी. स्वयंचलित यंत्रणा योग्य वेळी वेग उतरविते; परंतु त्या उतरलेल्या वेगातून किती वीज वाचावी, हे मोटर आणि रेग्युलेटरच ठरवितात.