फोटो ठेवायचे कुठे आणि काढायचे कोणी?

फोटो साठवायला क्लाउडवरची कोणती सेवा घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: उद्या तुम्ही नसलात तर तुमच्या घरातलं कोण ते फोटो बाहेर काढणार, आणि कसं? हा प्रश्न फारसा कोणाला आवडत नाही. जीबी किती मिळतात आणि महिन्याला रुपये किती जातात, एवढंच लोकांना हवं असतं. तेही सांगतो. पण आमच्या काकांच्या फोटोंचं काय झालं ते आधी ऐका, कारण माझं सगळं मत त्यातूनच बनलं आहे.

आमचं घर मालवणजवळ देवबागेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथल्या हवेत कागद टिकत नाही. पावसाळाभर ओल आणि बुरशी, उरलेलं वर्ष खारा वारा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेलं. वेंगुर्ला, मालवण, देवगड या पट्ट्यात माड मोडले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचं नेटवर्कही गेलं. आमच्या माजघरावरची कौलं उडाली आणि माळ्यावरची ट्रंक भिजली. ट्रंकेत तीन पिढ्यांचे फोटो होते.

जुन्या, काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपरे लावून बसवलेले कृष्णधवल फोटो भिजूनही सुटे निघाले. धूळधाण झाली ती नंतरच्या रंगीत फोटोंची. त्यांचे अल्बम चिकट पानांचे, वर प्लास्टिक ओढलेले. प्लास्टिक उचललं की त्याबरोबर माणसाचा चेहराच निघून यायचा. काका निवृत्त शिक्षक, अतिशय सोशिक. त्यांनी परातीत स्वच्छ गार पाणी घेतलं आणि एकमेकांना चिकटलेले फोटो त्यात सोडले. आपणहून सुटेल तेवढाच फोटो सोडवायचा, ओढायचा नाही, पुसायचा तर मुळीच नाही. मग पंचा अंथरून, चेहरा वर करून, सावलीत वाळवायचा. कोणाकडे पूर-पाण्यात अल्बम भिजला तर हे एवढं लक्षात ठेवा. उन्हात टाकलात तर फोटो वाकेल आणि त्याचा रंगाचा थर तडकेल.

त्यातला एक फोटो रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसांचा होता. दोराला सगळ्यांत पुढे आजोबा, मागे वाडीतले पुरुष, कडेला टोपल्या घेऊन उभ्या बायका. पाठीमागे शाईने लिहिलेली नावं पाण्याने पसरून गेली होती. पण काकांना प्रत्येक माणूस ओळखता येत होता. वीज आणि नेटवर्क पूर्ववत झाल्यावर त्यांनी वाचलेल्या सगळ्या फोटोंचे मोबाइलने फोटो काढले, क्लाउडवर चढवले आणि प्रत्येकाखाली नावं टाइप केली. कोण कोणाचा कोण, लग्न कुठल्या मांडवात झालं, हे सगळं त्या ओळींत होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं.

काका गेले. त्यांचा फोन चालू होता तोवर काकी त्यावर फोटो बघायची. त्या दरम्यान नंबरचं रिचार्ज संपलं. पुढे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बोलणारो माणूस रवलो नाय, रिचार्ज कित्याक मारूचो?" तिचं काय चुकलं? मग फोनचा डिस्प्ले गेला. नवा फोन घेतला, तर त्याने पासवर्ड मागितला. काकांचा ईमेल आयडी मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने फोन विकताना काढून दिलेला. पासवर्ड कोणी लिहूनच घेतला नव्हता. पासवर्ड विसरलो म्हणावं तर ओटीपी जुन्या नंबरवर जाणार. तो नंबर लावून पाहिला, तर पलीकडे अनोळखी माणूस. वापरात नसलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर बंद करू शकते, आणि आणखी काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला देते.

आम्ही मृत्यूचा दाखला जोडला, वारसाची ओळखपत्रं जोडली, सेवा देणाऱ्या कंपनीचा अर्ज भरला. खात्यातला मजकूर देता येणार नाही, असं शेवटी उत्तर आलं. कंपनीचं नाव सांगत नाही. नियम बहुतेकांचे याच धर्तीचे आहेत आणि त्यात तथ्यही आहे: दाखला दाखवणाऱ्या कोणालाही खातं उघडून दिलं तर आपल्या कोणाचीच खाजगी गोष्ट सुरक्षित राहणार नाही. काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले मोजके फोटो माझ्याकडे आहेत. रापणीचा फोटोही त्यात आहे, पण आकाराने लहान, आणि खाली एकही नाव नाही. मी त्यातल्या आजोबांना ओळखतो. बाकीच्यांना ओळखणारं वाडीत आता कोणी उरलेलं नाही.

म्हणून सेवा निवडताना पहिली कसोटी ही: आपल्यामागे खातं कोणाच्या हाती जाईल, हे आधी नोंदवायची सोय तिथे आहे का? गुगलच्या खात्यात अशी सोय आहे. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने निष्क्रिय राहिलं तर कोणाला कळवायचं आणि त्यांना काय काय द्यायचं, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. अ‍ॅपलनेही डिसेंबर २०२१पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमण्याची सोय दिली आहे. बँकेत नॉमिनी भरतो तसंच हे काम आहे आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. शिवाय दोन वर्षं कोणीच न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. ही अंमलबजावणी डिसेंबर २०२३पासून सुरू झाली. तेव्हा ‘क्लाउडवर आहे, कायम राहील’ हा भ्रम सोडा. गुगल फोटोजमध्ये ‘पार्टनर शेअरिंग’ही आहे. एकाचे फोटो आपोआप दुसऱ्याला दिसतात आणि ते त्याला स्वतःच्या खात्यात जतन करून घेता येतात. जतन करणं महत्त्वाचं आहे, कारण नुसता सामायिक अल्बम मूळ मालकाचं खातं गेलं की रिकामा होतो.

आता फुकटाविषयी. मुंबईतल्या आमच्या चाकरमान्यांनी एके काळी गणपतीचे फोटो ऑर्कुटवर टाकले होते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. गुगलनेच २०१६मध्ये पिकासा गुंडाळलं. फ्लिकरने २०१३मध्ये प्रत्येकाला १ टीबी जागा फुकट दिली, आणि मालकी बदलल्यावर फुकट खात्याला १,००० फोटोंची मर्यादा घातली. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला थांबली. तौक्तेला तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. इथे लोक अजून कौलं शाकारत होते. आजही मोठमोठ्या फुकट योजना जाहीर होतात. जिओने ऑगस्ट २०२४मध्ये १०० जीबी मोफत देण्याची घोषणा केली. जरूर घ्या, पण दुसरी प्रत म्हणून घ्या. आज मोफत देणारा उद्या अटी बदलू शकतो, आणि त्याबद्दल भांडायला आपल्याकडे पावतीही नसते.

गुगलचे १५ जीबी फुकट असतात, पण त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप असे सगळे वाटेकरी आहेत. अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट ५ जीबी देतात. फोटो सरासरी चार एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार हजार फोटो बसतात, तेही व्हिडिओ एकही नसेल तर. नातवंडं असलेल्या घरात एवढी जागा बघता बघता भरते. पैसे भरायचे तर गुगलची १०० जीबीची योजना महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपयांच्या घरात पडते आणि ती जागा कुटुंबातल्या आणखी पाच जणांना वापरता येते. प्रत्येकाचे फोटो वेगळेच राहतात. माझं मत विचाराल तर पैसे भरावेत. फक्त ते कोणाच्या खात्यातून कापले जातात ते घरात दोघांना तरी माहीत हवं. भरणारा माणूस गेला, बँक खातं गोठलं, की हप्ता थांबतो आणि जागा पुन्हा १५ जीबीवर येते. मर्यादेबाहेर गेलेलं खातं तसंच दोन वर्षं राहिलं तर त्यातला मजकूर काढून टाकण्याचा हक्क कंपनीने राखलेला आहे.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक हिशेब करावा लागतो, तो नेटवर्कचा. रोज दीड जीबीच्या पॅकवर ५० जीबी फोटो चढवायला महिन्याहून जास्त लागेल. घरात ब्रॉडबँड असलं तरी फोटो वर जाण्याचा वेग २ एमबीपीएस मिळत असेल तर तेवढ्यालाच सुमारे ५५ तास अखंड वीज आणि लाइन हवी. म्हणून मध्येच लाइन गेल्यावर पुढून सुरू होणारी सेवाच इथे उपयोगाची. फोटो उतरवून घेतानाही हेच. ‘गुगल टेकआउट’मधून सगळे फोटो मागवता येतात, तिथे फाइलचा आकार ५० जीबी न निवडता २ जीबी निवडा, म्हणजे एखादी फाइल अर्ध्यावर तुटली तर तेवढीच पुन्हा घ्यावी लागेल. डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा पावसाचा जोर असताना हे काम काढू नका. आणि जुन्या फोटोंवर ज्यांनी मेहनत घेतली आहे त्यांनी हे नीट ऐका: अ‍ॅपमध्ये आपण लिहिलेली ओळ किंवा दुरुस्त केलेली तारीख टेकआउटमध्ये फोटोच्या आत येत नाही, शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये येते. १९६५चा फोटो २०२१मध्ये मोबाइलने टिपला असेल तर बाहेर आल्यावर तो पुन्हा २०२१चा होऊ शकतो.

यावर मी एक साधी रीत पाळतो. जुना फोटो टिपताना त्याच्याखाली कागदाची चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर साल, गाव आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. चिठ्ठीसकट एक फोटो, चिठ्ठीशिवाय एक, आणि पाठीवर काही लिहिलं असेल तर पाठीचाही. कंपनी बदलो, अ‍ॅप बदलो, नावं चित्रातच राहतात. फोटो कोणाला व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याची तारीखही पुसली जाते. क्लाउडवर चढवतानाही ‘मूळ दर्जा’ निवडा. जागा वाचवणारा पर्याय १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान करतो. रोजच्या फोटोंना ते चालेल, आजोबांच्या एकमेव फोटोला नाही.

एक धोका मला फार उशिरा कळला आणि तो आपल्या घरांना लागू आहे. मोठ्या कंपन्या चढवलेले फोटो यंत्राकडून तपासतात. गुजरातमधल्या एका अभियंत्याने स्वतःच्या लहानपणाचा, आजी न्हाऊ घालतानाचा फोटो चढवला आणि त्याचं गुगल खातंच बंद झालं. मार्च २०२४मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने कंपनीला नोटीस काढली. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी आजी कोणत्या मराठी अल्बममध्ये नाही? असे फोटो एंटे किंवा प्रोटॉन ड्राइव्हसारख्या सेवेवर ठेवता येतात. तिथे फोटो आपल्या फोनवरच कुलूपबंद होतात आणि कंपनीलाही ते दिसत नाहीत. मात्र पासवर्ड गेला आणि रिकव्हरीचे शब्दही हरवले तर ते कुलूप जगात कोणीच उघडू शकत नाही. पासवर्ड लिहून न ठेवणाऱ्या घराने एकट्या या सेवेच्या भरवशावर राहू नये, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

आणि ‘फोनमधून काढला तरी क्लाउडवर राहतो’ हे सरसकट खरं नाही. आयक्लाउड फोटोजमध्ये आणि आणखी काही ठिकाणी फोन आणि क्लाउड बरोबरीने चालतात. इथला पुसला की तिथलाही जातो. कचरापेटीत तो अ‍ॅपलकडे साधारण ३० दिवस, गुगलकडे ६० दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. जागा करायला घाईने फोटो पुसणाऱ्यांनी हे तपासूनच बोट लावावं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला ३-२-१चा नियम आम्ही आता पाळतो: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. क्लाउड एक, घरातली हार्ड डिस्क दुसरी. खाऱ्या हवेमुळे ती सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. तिसरी डिस्क परळला चुलतभावाकडे असते. गणपतीला तो येताना घेऊन येतो, वर्षभराचे नवे फोटो तिच्यावर चढतात आणि परतताना ती त्याच्याबरोबर जाते. सगळे आयडी, पासवर्ड आणि रिकव्हरीचे शब्द एका वहीत लिहून ती वही सातबाऱ्याच्या फायलीत ठेवली आहे. वही कुठे आहे ते काकीलाही माहीत आहे.

वाचकांना एक विनंती. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा फोन या आठवड्यात हातात घ्या आणि त्यांच्याच समोर बसून खात्याचा पासवर्ड नवा करा, तो लिहून ठेवा, रिकव्हरीसाठी घरातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर जोडा. आणि कोणाच्या घरी असं दुःख झालंच असेल, तर गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर इतक्यात बंद करू नका. आधी खात्यावरचा नंबर बदला, फोटो उतरवून घ्या, ते उघडून पाहा, आणि तोवर रिचार्ज चालू ठेवा.