लुसी विल्स : परळच्या प्रयोगशाळेतून लिम्फोमाच्या औषधापर्यंत

आपण साहित्याचे विद्यार्थी शब्दांचा कीस पाडतो आणि विज्ञान शाखेतले मित्र त्यावरून आपली टिंगल करतात. म्हणून या वेळच्या अभ्यासलेखासाठी मी मुद्दाम असं उदाहरण निवडलं, जिथे एका डॉक्टरने एका शब्दाचा कीस पाडला आणि त्यामुळे गरोदर बायकांचे जीव वाचले. पुढे त्याच धाग्यावरून रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरचं एक औषधही मिळालं. डॉक्टरचं नाव लुसी विल्स. शब्द होता ‘पर्निशस’.

पर्निशस म्हणजे मारक, हळूहळू जीव घेणारा. ‘पर्निशस अ‍ॅनिमिया’ हे पंडुरोगाच्या एका प्रकाराचं नाव. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी होतात, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या दोन डॉक्टरांनी दाखवलं, की रुग्णाला रोज भरपूर लिव्हर खायला घातलं तर तो बरा होतो. त्यासाठी १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

त्याच काळात मुंबईत गरोदर बायकांमध्ये असाच एक भयंकर पंडुरोग दिसत होता. बाई पांढरी फटफटीत पडायची, धाप लागायची, आणि बाळंतपणाच्या आगेमागे दगावायची. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तशाच मोठाल्या दिसायच्या, म्हणून डॉक्टरांनी त्याला नाव देऊन टाकलं : गर्भारपणातला पर्निशस अ‍ॅनिमिया. नाव दिलं की आजार समजला, असं वाटायला लागतं. (समीक्षेत आपणही हेच करतो. एखाद्या कवितेला ‘रोमँटिक’ म्हटलं की ती पुन्हा वाचायची गरज उरत नाही.)

विल्स यांना ते नाव पटलं नाही. त्यांचा आधीचा प्रवास थोडक्यात सांगते. जन्म १८८८, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पण केंब्रिज तेव्हा बायकांना परीक्षेला बसू द्यायचं आणि पदवी मात्र द्यायचं नाही. मग लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलची प्रयोगशाळा निवडली. १९२८ साली डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतलं. इथे बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी चालू होती आणि काम करायचं होतं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. ही वास्तू एकेकाळी जेझुइट पाद्र्यांची होती, मग इंग्रज गव्हर्नरांचा बंगला झाली, आणि नंतर तिथे प्लेगवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आली. भोवती सगळं गिरणगाव. हा आजार विशेष दिसत होता तो गरीब बायकांमध्ये, त्यातही कापडधंद्यात राबणाऱ्यांमध्ये.

विल्स यांनी पहिल्यांदा एक साधी गोष्ट तपासली. खऱ्या पर्निशस अ‍ॅनिमियात रुग्णाच्या जठरात आम्ल तयार होत नाही. मुंबईतल्या या बायकांच्या जठरात ते तयार होत होतं. पेशी सारख्या दिसत असल्या तरी आजाराचं मूळ वेगळं असणार, ही शंका इथून पक्की झाली. मग ते मूळ शोधायचं कुठे? विल्स यांनी बायकांच्या ताटात शोधलं.

त्यांच्या लेखमालेतला दुसरा भाग १९३० साली प्रसिद्ध झाला. तो आहे मुंबईतल्या बायकांच्या आहाराच्या आणि राहणीच्या पाहणीचा, आणि त्यावर विल्स यांच्या जोडीला एस. एन. तळपदे हे नाव आहे. आडनाव आपल्याच बाजूचं आहे हे पाहून मला बरं वाटलं. पहिल्या भागावर एम. एम. मेहता हे नाव आहे. विल्स यांच्याबद्दल लिहिताना ही दोन नावं बहुतेक वेळा गळतात, म्हणून इथे मुद्दाम देते. कोणत्या थरातली बाई काय खाते आणि कोणत्या थरात हा पंडुरोग जास्त, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. सगळ्यात निकस आहार गरीब मुसलमान बायकांचा होता, आणि आजारही त्यांच्यातच सगळ्यात जास्त होता. त्यांच्या जेवणात प्रथिनं, फळं, भाज्या फार कमी असायच्या.

इथे एक माणूस सहज घसरला असता. जात, धर्म, ‘त्यांच्या चालीरीती’ असं काहीतरी कारण लिहून वही मिटता आली असती. विल्स १९२९ च्या उन्हाळ्यात कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि तिथे त्यांनी पांढऱ्या उंदरांना नेमका तोच आहार दिला. उंदरांना पंडुरोग झाला. गाभण उंदरिणी पिल्लं व्हायच्या आधीच मेल्या. उंदराला धर्म नसतो. दोष ताटात होता. उंदरांच्या अन्नात यीस्ट मिसळलं की हा पंडुरोग टळत होता.

या प्रयोगात एक घोळ निघाला. उंदरांना उवांमार्फत संसर्ग झालेला होता, त्यामुळे पंडुरोग आहाराने झाला की संसर्गाने, असा प्रश्न उभा राहिला. मग तेच काम ऱ्हिसस माकडांवर पुन्हा केलं गेलं. विल्स यांच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. चांगलं, हवं तसं उत्तर हातात असताना ते संशयास्पद ठरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला वेगळीच चिकाटी लागते.

नंतर बायकांवर उपचार सुरू झाले. लिव्हर महाग, आणि कित्येक घरांत ते चालणारंही नाही. यीस्टचा अर्क स्वस्त, आणि त्यातला सगळ्यात स्वस्त म्हणजे मार्माइट : बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट लगदा, जो इंग्रज पावावर लावून खातात. त्याने बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली विल्स यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. त्याच वर्षी त्या मद्रासच्या ‘कास्ट अँड गोशा’ हॉस्पिटलमध्येही काम करत होत्या. गोशा म्हणजे पडदा. दवाखान्याच्या नावातच तेव्हाचा समाज दिसतो. पुढे १९३७ साली त्यांनी आणखी एक धागा सोडवला. शुद्ध केलेल्या लिव्हरच्या अर्काने खरा पर्निशस अ‍ॅनिमिया बरा होतो, पण हा पंडुरोग होत नाही. याला कच्चा अर्क किंवा यीस्टच लागतं. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गळून जात होतं. त्या ‘काहीतरी’ला बरीच वर्षं विल्स फॅक्टर म्हणत.

१९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. विल्स यांचा फॅक्टर हाच होता. नव्या नावात पालक उरला आणि विल्स गेल्या.

आता ते काय करतं ते पाहू, कारण कर्करोगाचा दुवा तिथेच आहे. पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्या कामाला फॉलेट लागतं. फॉलेट नसेल तर पेशी वाढत राहते, पण वेळेवर दुभंगू शकत नाही. म्हणून ती मोठी दिसते, आणि म्हणून संख्या घटते. ही अडचण सगळ्यात आधी जाणवते ती सतत नव्या पेशी घडवणाऱ्या जागी, म्हणजे अस्थिमज्जेत. गर्भारपणी पोटातलं बाळही हेच फॉलेट मागत असतं. आईचं ताट रिकामं असेल तर दोघांचं भागत नाही.

पण भराभर दुभंगणाऱ्या पेशी आणखी एका ठिकाणी असतात : कर्करोगात. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची द्रव्यं देऊन पाहिली, तर आजार उलट जोरात वाढल्यासारखा दिसला. मग त्यांनी प्रश्न फिरवला : फॉलिकची वाट अडवली तर? तसं द्रव्य त्यांना लेडर्ली कंपनीतून मिळालं. तिथे संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, मद्रासला वैद्यक शिकून अमेरिकेला गेलेले. १९४८ सालच्या लेखात फार्बर यांनी सोळा मुलांबद्दल लिहिलं. त्यांतल्या दहा जणांना उतार पडला. तो टिकला नाही, पण तोवर अशा मुलांना तेवढाही उतार पडत नव्हता.

याच घराण्यातलं पुढचं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. युगांडात डेनिस बर्किट हे शल्यचिकित्सक लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या गाठींचा अभ्यास करत होते. १९५८ साली त्यांनी त्याविषयी लिहिलं आणि तो आजार लिम्फोमा असल्याचं पुढे ठरलं. माणसाला होणाऱ्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या गाठींपैकी ही एक. कंपालात रेडिएशनची सोय नव्हती. १९६० च्या सुमारास बर्किट यांनी जी औषधं वापरून पाहिली, त्यांत मेथोट्रेक्सेट होतं, आणि काही मुलं खरंच बरी झाली. आजही काही लिम्फोमांमध्ये ते फार मोठ्या डोसमध्ये देतात. नंतर निरोगी पेशी वाचाव्यात म्हणून ल्युकोव्होरिन देतात, जे फॉलेटचंच एक रूप आहे. आधी फॉलेटची वाट अडवायची, मग फॉलेट देऊनच सोडवायचं.

विल्स यांनी स्वतः कर्करोगावर काम केलं नव्हतं, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. त्या शेवटपर्यंत पंडुरोगाच्याच मागे होत्या. १९४७ साली निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरून गरोदर बायकांचं रक्त तपासत राहिल्या. उतारवयात लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १९६४ साली वारल्या. गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष पुष्कळ टळतात, हे १९९१ साली सिद्ध झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना लाल गोळी मिळते, शाळेत मुलींना आठवड्याला निळी. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया पंडुरोगी निघाल्या. त्यामागे लोहाची कमतरता, फॉलेट, बी-१२, जंत, मलेरिया अशी बरीच कारणं आहेत, पण विल्स आणि तळपदे यांनी विचारलेला आहाराचा प्रश्न त्यांतल्या निम्म्यांना तरी थेट भिडतो. गोळी द्यायला आपण शिकलो. ताट पाहायला अजून कोणी घरी जात नाही.

पुढच्या बैठकीसाठी एक काम सुचवते. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या दोन वयाच्या दोन बायकांशी बोलावं, एक आजीच्या वयाची, एक आईच्या. गर्भारपणी रोज काय खाल्लं? पालेभाजी किती वेळा? जेवायला घरात कितव्या बसायच्या, आणि तोवर पातेल्यात काय उरलेलं असायचं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. भाषा सुधारू नका.