मूत्रपिंडाचा तीव्र विकार : नव्या उपचारांचा शोध

रक्तातील टाकाऊ द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकणे आणि शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल राखणे, हे मूत्रपिंडांचे प्रमुख कार्य होय. हे कार्य काही तासांत वा दिवसांत एकाएकी मंदावले, तर त्यास मूत्रपिंडाचा तीव्र विकार म्हणतात. जंतुदोष, अतिसार, मोठी शस्त्रक्रिया, घोणस सापाचा दंश, तसेच काही वेदनाशामके व प्रतिजैविके ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

यंत्राचे साहाय्य

नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंडाचा रुग्णावर प्रथम उपयोग केला. १९४५ मध्ये त्यामुळे एका रुग्णाचे प्राण वाचले. आजचे डायलिसिस हे त्याचेच विकसित रूप होय. परंतु डायलिसिस रक्त शुद्ध करते. दुखावलेले मूत्रपिंड बरे करीत नाही. ते सावरेपर्यंत रुग्णास केवळ अवधी मिळतो.

औषधांची कसोटी

मूत्रपिंड वाचविण्यासाठी अल्प मात्रेत डोपामीन देण्याची प्रथा अनेक वर्षे रूढ होती. २००० साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३२८ रुग्णांवरील चाचणीत तिचा लाभ दिसून आला नाही. डायलिसिस लवकर सुरू केल्यानेही मृत्यू घटत नाहीत, असे २०२० साली १५ देशांतील सुमारे ३,००० रुग्णांच्या अभ्यासात आढळले.

या अपयशाचे एक कारण म्हणजे विलंबाने होणारे निदान. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर इजा होऊन गेलेली असते. म्हणून इजा होण्यापूर्वीच संरक्षण देण्याकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयशस्त्रक्रियेच्या ३,५११ रुग्णांपैकी निम्म्यांना शिरेवाटे अमिनो आम्ले देण्यात आली. त्यांच्यात या विकाराचे प्रमाण २६.९ टक्के, तर इतरांत ३१.७ टक्के आढळले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

आपले कर्तव्य

झालेली इजा भरून काढणारे खात्रीचे औषध अद्याप हाती आलेले नाही. तोवर दक्षता हाच उपचार होय. दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास होणे, ही धोक्याची सूचना समजतात. ती ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. मोजपात्र आणि नोंदवही पुरते. अतिसाराच्या रुग्णास वेळीच क्षारसंजीवनी पाजणे, सर्पदंश झालेल्यास मांत्रिकाकडे न नेता तत्काळ रुग्णालयात पोहोचविणे आणि वैद्यकीय सल्ल्याविना वेदनाशामके घेऊ नयेत हे लोकांच्या मनावर बिंबविणे, ही कामे गावपातळीवरच व्हावयाची आहेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ती आपली मानणे अगत्याचे आहे.