एकवीस हजार सहाशे श्वास : नाथपंथाची अजपासाधना व तिची गुरुपरंपरा

(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

दरवर्षी २१ जून रोजी आपल्या शाळांतून योगदिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस ठरविला व २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. बदनापूर तालुक्यातील शाळा त्या सुमारास नुकत्याच उघडलेल्या असतात. मुले ओळीने बसतात, शिक्षक 'श्वास घ्या, श्वास सोडा' असे सांगतात आणि कार्यक्रम आटोपतो. ज्या विद्येचा हा एक लहानसा अंश आहे, ती आपल्या गोदावरीकाठच्या एका मुलाने मराठीत कशी सांगितली व ती कोणाकडून कोणाकडे आली, हे मात्र मुलांच्या कानी क्वचितच पडते. ते कसे सांगावे आणि सांगताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

या साधनेचे मूळ सूत्र लहान मुलासही समजण्याजोगे आहे. श्वास आत येताना 'सो' व बाहेर जाताना 'हं' असा सूक्ष्म नाद होतो, असे साधक मानतो. ओठ हलत नाहीत, माळ ओढावी लागत नाही. चालता श्वास हाच जप. न जपता होणारा जप म्हणून त्यास 'अजपा' असे नाव पडले. 'सोऽहम्' म्हणजे 'तो मी आहे'. गोरक्षनाथांच्या नावावर चालत आलेल्या संस्कृत ग्रंथांत एका अहोरात्रीत असा जप २१,६०० वेळा घडतो, असे सांगितले आहे.

ही संख्या फळ्यावर अवश्य मांडावी. दिवसाचे २४ तास, म्हणजे १,४४० मिनिटे. २१,६०० ला १,४४० ने भागल्यास १५ येतात. निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या वेळी मिनिटास साधारणतः १२ ते २० श्वास घेतो. तेव्हा प्राचीनांची संख्या वास्तवास धरून आहे, हे मुलांच्या ध्यानी येईल. परंतु कोणा योग्याने रात्रंदिवस जागून एकेक श्वास मोजला व ही संख्या काढली, असे सांगू नये. जुन्या ज्योतिषग्रंथांत कालमापनाचे कोष्टक असे आहे : ६ प्राण म्हणजे १ पळ, ६० पळे म्हणजे १ घटका, ६० घटका म्हणजे १ अहोरात्र. सहा गुणिले साठ गुणिले साठ, बरोबर २१,६००. येथे 'प्राण' म्हणजे एका श्वासोच्छ्वासास लागणारा वेळ, आजच्या मापाने ४ सेकंद. कालगणनेचे हेच कोष्टक योग्यांनी साधनेसाठी घेतले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. घड्याळ नव्हते तेव्हा माणसाने स्वतःच्या श्वासालाच वेळेचे माप केले, ही गोष्ट मुलांस कोणत्याही चमत्काराइतकीच नवलाची वाटते.

आता गुरुपरंपरेकडे वळू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे पूर्ण झाली. तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी आपली परंपरा स्वतःच सांगितली आहे : आदिनाथ म्हणजे शंकर, त्यांच्यापासून मत्स्येंद्रनाथ, मग गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ व अखेरीस ज्ञानेश्वर स्वतः. हे कुटुंब पैठणजवळच्या आपेगावचे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू असता वाघाच्या भयाने सर्वांची पांगापांग झाली, निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तेथे त्यास गहिनीनाथ भेटले, अशी कथा परंपरेत आहे. रूढ मताप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म १२७३ चा व ज्ञानेश्वरांचा १२७५ चा. म्हणजे ज्ञानेश्वरांचे गुरू त्यांच्याहून दोनच वर्षांनी वडील असलेले सख्खे भाऊ होते! गुरू म्हटला की पांढऱ्या दाढीचे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते येथे पुसून टाकावे.

या नामावळीत एक कोडे आहे. वरच्या वर्गास ते घालून पाहावे. काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी इ. स. १००० च्या आसपास मच्छंद या नावाने मत्स्येंद्रांस वंदन केले आहे. तेव्हा मत्स्येंद्र त्यापूर्वीचे ठरतात. निवृत्तिनाथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मध्ये निदान पावणेतीनशे वर्षे गेली आणि नावे येतात ती दोनच, गोरक्ष व गहिनी. हिशेब जुळत नाही. घराण्याच्या वंशावळीत बापानंतर मुलगा यावाच लागतो. गुरुपरंपरेत मात्र ज्यांचे स्मरण राहिले त्यांचीच नावे राहतात, मधली गळतात. यात परंपरेस कमीपणा नाही. परंतु इतिहासाच्या तासाला ही नावे सनावळीप्रमाणे घोकून घेणे योग्य नव्हे.

आपल्या खेड्यापाड्यांतून नाथांच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांपैकी बहुतेक धुंडिसुत मालू नरहरी याच्या 'नवनाथ भक्तिसार' या ४० अध्यायांच्या पोथीतील आहेत. ही पोथी १८१९ ची, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी रचलेली. चिखलाच्या पुतळ्यातून गहिनीनाथांचा जन्म झाल्याची कथा तिच्यात येते. कथा कथा म्हणून जरूर सांगावी. मुले रंगून जातात. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरील गर्भगिरीच्या रांगेत मढीस कानिफनाथ, सावरगावाजवळ मच्छिंद्रनाथ व चिंचोलीस गहिनीनाथ अशी स्थाने आहेत आणि वर्गातील कोणी ना कोणी यात्रेस जाऊन आलेला असतोच. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची मुले वर्गात असतील, तर त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस गोपीचंद-भर्तरीची गाणी पाठ असण्याचा संभव आहे. अशा वेळी शिक्षकाने काही काळ विद्यार्थी व्हावे. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. पैठणच्या नाथषष्ठीतील 'नाथ' म्हणजे संत एकनाथ. त्यांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी. हा प्रवाह निराळा. तथापि ज्ञानेश्वरीच्या पोथीत शिरलेले अपपाठ दूर करून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत एकनाथांनीच सिद्ध केली, हे ऋण विसरता येणार नाही.

ज्ञानेश्वरांनी या साधनेविषयी काय केले, हा पाठाचा गाभा होय. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन, मिताहार व मनाचा निग्रह यांविषयी श्लोक आहेत; कुंडलिनीचा उल्लेख मुळीच नाही. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या अध्यायावर लिहिताना कुंडलिनीच्या जागृतीचे विस्तृत वर्णन केले. ज्या खुणा एकाने दुसऱ्यास एकांतात सांगावयाच्या, त्या त्यांनी सर्व श्रोत्यांपुढे, बोलीभाषेत मांडल्या. आणि बाराव्या अध्यायात त्यांनीच या मार्गातील कष्टांचे चित्र रेखाटून भक्तीचा मार्ग सोपा ठरविला. वाट खुली केली, पण ती कोणासाठी किती अवघड आहे हेही लपविले नाही. प्रस्तुत लेखकास या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक वाटते.

ज्ञानेश्वरांनंतरची एक शाखा सत्यामलनाथ, गैबीनाथ, गुप्तनाथ, उद्बोधनाथ, केसरीनाथ व शिवदिननाथ अशी सांगितली जाते. 'गैब' हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा अर्थही गुप्त असाच आहे. लागोपाठच्या दोन गुरूंनी दोन भाषांत एकच नाव धारण करावे, हे मोठे अर्थपूर्ण वाटते. शिवदिननाथ म्हणजे अठराव्या शतकात पैठणास होऊन गेलेले कवी शिवदिन केसरी. ही विद्या कोणा एका धर्माच्या माणसांपुरती राहिली नाही, हेही येथेच सांगावे. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांचे गुरू चांद बोधले. जनार्दनस्वामींचेही गुरू तेच, अशी एक परंपरा आहे.

अगदी अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील पावस येथे स्वामी स्वरूपानंद (१९०३ ते १९७४) यांनी याच नाथपरंपरेतील सोऽहम् साधना शिकविली. पुण्याचे गणेशनाथ, अर्थात बाबामहाराज वैद्य, हे त्यांचे गुरू. स्वामींनी तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत कारावास भोगला. पुढे दुखण्याने शरीर थकले व आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे पावसच्या एकाच घरात गेली. ज्याला श्वास रोखण्याचे कठोर प्रयोग झेपणारे नव्हते अशा देहानेही केवळ श्वासाकडे लक्ष ठेवण्याची साधना चालविली, याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. कारण वर्गात आपणास याच सोप्या बाजूचे काम आहे.

वर्गात करावयाचे ते असे. मुलांच्या जोड्या लावाव्यात. एकाने स्वस्थ बसावे, दुसऱ्याने त्याच्या पोटाच्या हालचालीवरून एक मिनिट श्वास मोजावेत. मग अदलाबदल करावी. या वयाच्या मुलांचे श्वास प्रौढांपेक्षा अधिक, विसाच्या आसपास किंवा थोडे वर भरतात. पंधराच का नाहीत म्हणून कोणास घाबरवू नये. नंतर मैदानावर एक फेरी पळवून पुन्हा मोजावेत. शेवटी प्रत्येकाने डोळे मिटून स्वतःचे श्वास मोजावेत. तेथे बहुतेक मुले अडखळतात. मोजू लागताच श्वास लांबतो किंवा थबकतो व मुले म्हणतात, 'गुरुजी, आता तो आपोआप येत नाही!' हाच क्षण पकडावा. श्वासास हात न लावता त्याच्याकडे नुसते पाहणे किती कठीण आहे, हे मुलांस त्या वेळी आपोआप उमगते. आणि जे शिकण्यासाठी साधक गुरूंजवळ वर्षानुवर्षे राहिले, त्याची अंधुक कल्पना त्यांस येते.

श्वास कोंडून धरण्याचा, म्हणजे कुंभकाचा, अथवा भात्यासारखा जलद श्वास घेण्याचा कोणताही प्रकार मुलांकडून करवून घेऊ नये. कोण अधिक वेळ श्वास रोखतो, अशी पैज तर मुळीच लावू देऊ नये. मध्यान्ह भोजनानंतर लगेच हा तास ठेवू नये. ज्यांस दमा आहे किंवा सर्दीने नाक चोंदले आहे, त्यांस मोजणीची वही सांभाळण्याचे काम द्यावे. 'सोऽहम्' हा शब्द परंपरेची माहिती देताना सांगावा. त्याचा जप वर्गाकडून करवू नये, कारण निरनिराळ्या श्रद्धांच्या घरांतून मुले येतात आणि दीक्षा देणे हे शाळेचे काम नव्हे. मोजणीचे आकडे प्रत्येकाने वहीत तीन रकान्यांत लिहावेत : बसून, पळून व डोळे मिटून. त्यांवरून पाचवीच्या वर्गाने सरासरी काढावी आणि आपला वर्ग एका अहोरात्रीत मिळून किती श्वास घेईल, याचा गुणाकार घरून करून आणावा.