दूरचे चित्र आणि हाताचा कंप

हिवाळा लागला, की हिमालयापलीकडच्या थंड प्रदेशांतून हंसांचे थवे महाराष्ट्रातील जलाशयांवर उतरू लागतात. भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी भिगवणच्या परिसरात दूरवर पसरलेले आहे. तेथे काठच्या ओल्या गवतात चरणारा पट्टकदंब हा या पाहुण्यांपैकीच एक. अंग राखी, डोके पांढरे, आणि डोक्याच्या मागच्या बाजूस दोन काळे पट्टे. या पट्ट्यांवरूनच त्याला हे नाव मिळाले. या जातीच्या काही पक्ष्यांच्या मानेभोवती अक्षरे व अंक लिहिलेले एक रंगीत कडे आढळते. मंगोलियातील अभ्यासकांनी पक्षी पकडून ते चढवलेले असते आणि पक्ष्याला पुन्हा मोकळे सोडलेले असते. भारतात कोणी ती अक्षरे वाचून कळवली, म्हणजे तो एक विशिष्ट पक्षी कोठून निघाला आणि कोठे पोचला, हे निश्चितपणे समजते.

परंतु हा पक्षी माणसाला फार जवळ येऊ देत नाही. एकाने मान वर केली, की सारा थवा सावध होतो. आपण आणखी पुढे सरकलो, तर उडून जातो. आणि दूरवरून थकून आलेल्या पक्ष्याला असे उठवणे योग्यही नव्हे. तेव्हा दूर उभे राहूनच, लांब पल्ल्याच्या भिंगातून त्याचे छायाचित्र घ्यावे लागते. चित्रात पक्षी मोठा दिसतो खरा; पण कड्यावरचा आकडा इंग्रजी तीन आहे की इंग्रजी आठ, तेच कळत नाही. सारे चित्र जणू ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखे फराटलेले असते. अंदाजाने आकडा कळवला, तर एका पक्ष्याचा प्रवास दुसऱ्याच्या नावावर नोंदला जाईल. कॅमेऱ्यात बिघाड असतो असे नाही. बहुधा हात हललेला असतो.

हात तर जवळचे चित्र घेतानाही हलतो. मग तेव्हा चित्र का बिघडत नाही? आरशाच्या तुकड्याने भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ तुम्ही खेळलाच असाल. समोरच्या जवळच्या भिंतीवर तो कवडसा बराचसा स्थिर राहतो. तोच पटांगणापलीकडच्या भिंतीवर पाडला, तर हाताच्या लहानशा हालचालीनेही वेडावाकडा धावू लागतो. हात तेवढाच हलतो. अंतरामुळे त्याचा परिणाम मोठा होतो. लांब पल्ल्याच्या भिंगाचेही असेच आहे. ते दूरचा पक्षी मोठा करून दाखवते आणि त्याबरोबर आपल्या हाताचा कंपही तितकाच मोठा करते. यात भिंग पक्षपात करीत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग आणि पूर्ण आकाराचा, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीचा, प्रकाशग्राहक असलेला कॅमेरा घेतला, तर १०० मीटर अंतरावरील सुमारे ६ मीटर रुंदीचा भाग चित्रात मावतो. त्या चित्रात आडव्या ओळीत ६,००० बिंदू असतील, तर एकेका बिंदूच्या वाट्याला १ मिलिमीटर येतो. कड्यावरचे अक्षर २ सेंटिमीटर उंच आहे असे समजू; म्हणजे त्याचे चित्र अवघ्या २० बिंदूंत रेखाटले जाणार. आता शटर उघडे असताना कॅमेरा एका अंशाच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतका कलला, तरी अक्षर आपल्या संपूर्ण उंचीइतके सरकते आणि नाहीसे होते. अंशाचा नव्वदावा भाग! कंपासपेटीतील कोनमापकावर एक अंशाची रेघसुद्धा किती बारीक असते, ते आठवा.

मनुष्याचा हात कधीच पूर्णपणे स्थिर नसतो. निरोगी माणसाच्या हातालाही एका सेकंदात सुमारे ८ ते १२ सूक्ष्म झोके बसत असतात. श्वास आणि हृदयाचे ठोके त्यांत आपली भर घालतात. हा कंप मुळातून घालवणे कोणालाही शक्य नाही. तो कंप चित्रात उतरण्यास वेळच मिळू नये, अशी व्यवस्था मात्र करता येते. शटर म्हणजे प्रकाशाला आत सोडणारी झडप. ती एका सेकंदाचा दहावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात हाताचा एक संपूर्ण झोका होऊन जातो. ती हजाराव्या भागापुरतीच उघडली, तर त्या झोक्याचा जेमतेम शंभरावा अंश चित्रात येतो.

यावरून छायाचित्रकारांनी एक सोपा नियम बसवला. भिंगाचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर, निदान तितक्याव्या भागाइतका शटरचा वेळ लहान असावा. ५०० मिलिमीटरला सेकंदाचा पाचशेवा भाग, २०० ला दोनशेवा. लहान प्रकाशग्राहकाच्या कॅमेऱ्यात व मोबाइलमध्ये या हिशेबासाठी भिंगावरचा आकडा घ्यायचा नसतो, पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्याशी तुल्य असा आकडा घ्यायचा असतो. हा नियम फिल्मच्या काळातला आहे. आजची चित्रे पडद्यावर पुष्कळ मोठी करून पाहिली जातात, म्हणून नियमाने सांगितलेल्या वेळाच्याही निम्मा वेळ ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

वेळ कमी केला, की प्रकाशही कमी पडतो. दोनशेपन्नासाव्या भागावरून हजाराव्या भागावर आलो, तर प्रकाश चौथाई उरतो. तो भरून काढण्यासाठी भिंगाचे छिद्र अधिक उघडावे; ते आधीच पूर्ण उघडे असेल, तर आयएसओ ४०० वरून १६०० वर न्यावा. तसे केल्याने चित्रात रवाळपणा येतो, आणि पुष्कळ जण त्याला भितात. ही भीती अनाठायी आहे. रवाळ चित्रातील अक्षर वाचता येते. फराटलेले अक्षर कोणत्याही उपायाने खात्रीपूर्वक परत मिळत नाही.

आता शरीराविषयी. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली उडत्या पक्ष्यांच्या अभ्यासासाठी एक चमत्कारिक यंत्र तयार केले. ते दिसे बंदुकीसारखे. पण त्यातून गोळी सुटत नसे, तर एका सेकंदात १२ छायाचित्रे निघत. त्याचा दस्ता खांद्याला टेकवून नळी पक्ष्यावर रोखता येई. जड वस्तू केवळ हातांवर तोलण्यापेक्षा तिचा भार अंगावर घेतला, तर ती अधिक स्थिर राहते. आपणही तेच करावे. डाव्या हाताचा तळवा भिंगाच्या खाली ठेवून भार त्यावर घ्यावा. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवावीत. पायांत खांद्यांइतके अंतर ठेवून एक पाऊल किंचित पुढे टाकावे. कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर असेल, तर त्यालाच डोळा लावावा, म्हणजे कपाळाचाही आधार मिळतो. हात लांब करून पडद्याकडे पाहत लांब पल्ल्याचे चित्र घेणे, हा सर्वांत वाईट प्रकार होय. आणि सर्वांत अधिक दिसतो तोही तोच.

उभे राहण्यापेक्षा बसणे बरे, आणि बसण्यापेक्षा पालथे पडणे बरे. बसताना कोपर गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नये. हाडावर हाड घसरते. ते गुडघ्याच्या किंचित आत, मांसल भागावर टेकवावे. जवळ झाड असेल तर त्याला खांदा लावावा. बांध किंवा कट्टा असेल, तर त्यावर तांदळाने अर्धी भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यात भिंग रुतवावे. ही पिशवी म्हणजे गरिबाचा ट्रायपॉड, आणि मैदानी कामात पुष्कळदा श्रीमंताच्या ट्रायपॉडहून सोयीची. होडीतून चित्र घेताना मात्र उलटा विचार करावा. इंजिन चालू असेल, तर होडीच्या काठावर भिंग टेकवू नये, कारण इंजिनाची थरथर थेट चित्रात उतरते. तेथे कोपरे अंगाशी घेऊन आपल्या शरीरालाच गादीचे काम करू द्यावे, आणि शक्य झाल्यास नावाड्याला इंजिन बंद करण्यास सांगावे.

श्वास कोंडून धरू नये. दम कोंडला, की थोड्याच वेळात हात अधिक कापू लागतात. सावकाश श्वास सोडावा, आणि तो संपता संपता जी क्षणभराची विश्रांती येते, तिच्यात बटण दाबावे. बटणाला धक्का द्यायचा नाही; बोटाचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. एकाच दाबात लागोपाठ पाचसहा चित्रे घेतली, तर पहिल्या चित्राला बोटाचा झटका लागलेला असला, तरी मधली एकदोन स्वच्छ निघण्याचा संभव असतो.

अलीकडच्या कॅमेऱ्यांत कंप शोषून घेणारी यंत्रणाही असते. सुट्या भिंगांपैकी पहिल्यांदा ती १९९५ साली कॅनन कंपनीच्या ७५ ते ३०० मिलिमीटर पल्ल्याच्या भिंगात आली. कॅमेरा कोणत्या दिशेने व किती वेगाने कलतो, हे आतील सूक्ष्म संवेदक ओळखतात, आणि भिंगाचा एक गट किंवा स्वतः प्रकाशग्राहक लगोलग उलट बाजूस सरकवला जातो. यंत्रणेचा लाभ चार टप्प्यांचा असेल, तर दर टप्प्याला वेळ दुप्पट करता येतो. म्हणजे पाचशेव्या भागाऐवजी सुमारे तिसाव्या भागानेही काम भागते. पण ती आपल्या हाताचा कंप तेवढा सांभाळते, पक्ष्याची हालचाल नव्हे. चरणारा हंस तिसाव्या भागात मान हलवणारच, आणि मानेबरोबर कडेही हलणार.

म्हणून बिघडलेले चित्र लगेच पुसून टाकू नये. ते नीट पाहावे. गवत, दगड, पक्षी असे सारेच एका दिशेने फराटले असेल, तर हात हलला. गवत स्वच्छ आणि केवळ मान पुसट असेल, तर पक्षी हलला. वेळ आणखी लहान हवा. पक्षी पुसट, परंतु त्याच्या पुढचे किंवा मागचे गवत रेखीव असेल, तर नेमच चुकीच्या अंतरावर बसला आहे. आणि भर दुपारी सारेच पाण्याखाली असल्यासारखे लहरत असेल, तर तो तापलेल्या हवेचा खेळ होय. तेथे हात दगडाचा असता, तरी उपयोग नव्हता. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर यावे.

हे सर्व शिकण्यासाठी भिगवणला जाण्याची मुळीच आवश्यकता नाही. भिंतीवरची दिनदर्शिका शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला टांगा आणि तीस पावलांवरून, झूम पूर्ण लांबवून, तिच्यातील तिथीच्या बारीक अक्षरांची चित्रे घ्या: दहा उभ्याने, दहा खांबाला टेकून, दहा बसून आणि दहा तांदळाच्या पिशवीवरून. कॅमेरा एकच असेल, तर वर्गाने आळीपाळीने घ्यावा. प्रत्येक दहांपैकी कितींत तिथी वाचता येते, ते मोजून वहीत लिहा. मग सायंकाळी, प्रकाश उतरल्यावर, तीच चाळीस चित्रे पुन्हा घ्या आणि सकाळच्या आकड्यांशेजारी नवे आकडे मांडा.